सायलेन्सर नवा, गाडी मात्र मंद

कल्याणजवळ शहाडकडून मोहन्याला येणाऱ्या रस्त्यावर जुनी यामाहा आरएक्स-१०० दिसण्याआधी ऐकू येते. तापल्या कढईत लाह्या फुटाव्यात तसा तिचा कोरडा, कडक आवाज. पन्नाशीतला माणूस मान न वळवता सांगतो, ‘आरएक्स आली.’ मोहन्यातला एनआरसीचा रेयॉनचा कारखाना जोरात चालायचा तेव्हा शंभर सीसीच्या गाड्यांचाच जमाना होता. कारखाना २००९ मध्ये बंद पडला. त्या गाड्यांपैकी ज्या टिकल्या, त्या आता मुलांच्या हातात आहेत, आणि मुलांना त्या आणखी पळवायच्या आहेत.

मग एक ठरलेली गोष्ट घडते. गाडी गॅरेजात जाते, सायलेन्सर कापून आतली जाळीची नळी काढली जाते, नाहीतर सरळ ‘फ्री-फ्लो’ पाइप बसतो. आवाज दुप्पट होतो. पहिले दोन दिवस गाडी उडते आहे असे वाटते. तिसऱ्या दिवशी शहाडच्या उड्डाणपुलावर गर्दीत अडकल्यावर चढाला दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडते. पूर्वी याच चढाला ती कुरकुर न करता जायची. पेट्रोलही जास्त लागू लागते.

कोडे इथेच आहे. धुराची वाट मोकळी केली तर इंजिनाला श्वास घेणे सोपे जायला हवे. मग दम वाढायच्या ऐवजी कमी का झाला?

एकच दार, चढणारे आणि उतरणारे

आधी इंजिनाच्या आत डोकावावे लागेल. फोर-स्ट्रोक गाडीत हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे पिस्टन दोनदा खाली आणि दोनदा वर जाऊन करतो. टू-स्ट्रोकमध्ये तीच कामे एकदा खाली, एकदा वर, एवढ्यातच उरकतात. म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. आरएक्स-१०० चे इंजिन आपला पूर्ण दम मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर देते. सेकंदाला १२५ फेरे, म्हणून १२५ स्फोट. तेवढ्याच फेऱ्यांवर फोर-स्ट्रोकमध्ये याच्या निम्मे होतात.

एस्कॉर्ट्सने १९८५ मध्ये आणलेल्या या ९८ सीसीच्या गाडीत ११ अश्वशक्ती कशी मावली, याचे उत्तर बरेचसे इथेच आहे. त्याच वर्षी आलेल्या फोर-स्ट्रोक हिरो होंडा सीडी-१०० चे इंजिन जवळपास तेवढ्याच आकाराचे, पण तिचा दम सात-साडेसात अश्वशक्तीचा. त्यात आरएक्स वजनाला शंभर किलोच्या आसपास. सिग्नल सुटल्यावर कोण पुढे जाणार हे आधीच ठरलेले असे.

टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला उघडझाप करणाऱ्या वेगळ्या झडपा नसतात. दरवाजाचे काम पिस्टनच करतो. सिलिंडरच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ब्लॉकच्या, भिंतीत खिडक्या ठेवलेल्या असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. स्फोटानंतर पिस्टन खाली सरकतो तशी आधी वरची एक्झॉस्टची खिडकी उघडते आणि धूर बाहेर धावतो. पिस्टन आणखी थोडा खाली गेला की ट्रान्सफरच्या खिडक्या उघडतात आणि पिस्टनखालच्या खोलीत दाबून ठेवलेले ताजे मिश्रण त्यांतून वर येते. त्या खालच्या खोलीला क्रँककेस म्हणतात. कार्ब्युरेटरकडून क्रँककेसमध्ये येणाऱ्या वाटेवर पातळ पाकळ्यांची झडप असते, ती रीड व्हॉल्व्ह. पेटीच्या भात्यातली झडप जशी हवा आत घेते आणि परत जाऊ देत नाही, तेच काम या पाकळ्या करतात.

खरी अडचण पुढे आहे. धूर बाहेर जाणे आणि मिश्रण आत येणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. कल्याण स्टेशनावर संध्याकाळी सातची लोकल लागते तेव्हा काय होते ते आठवावे. उतरणारे आणि चढणारे एकमेकांत घुसतात. चढणाऱ्यांच्या रेट्याने उतरणारे बाहेर पडतात हे खरे, पण रेटा जास्त झाला तर नुकता चढलेला माणूसही समोरच्या दाराने पलीकडे पडायची भीती. टू-स्ट्रोकमध्ये हे रोजचेच. ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच एक्झॉस्टच्या खिडकीतून निघून जातो. साध्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये हा वाया जाणारा वाटा इंजिनाच्या घडणीप्रमाणे आणि वेगाप्रमाणे १५ ते ४० टक्क्यांपर्यंत असू शकतो. आरएक्सच्या मागे गाडी चालवताना नाकाला येणारा पेट्रोलचा वास या पळून गेलेल्या मिश्रणाचाच असतो.

विहिरीत मारलेली हाक

पलीकडे पडणाऱ्या त्या प्रवाशाला दार बंद व्हायच्या आत कुणी आत ढकलले तर? सायलेन्सर नेमके हेच करतो.

एक्झॉस्टची खिडकी उघडताच दाबाची एक लाट पाइपात सुटते. विहिरीत हाक मारली की ती तळाशी आपटून परत येते, तशी ही लाटही पाइपाचा आकार बदलला की परत फिरते. पाइप रुंद होत जातो तिथून ओढणारी लाट परत येते आणि उरलासुरला धूर बाहेर खेचते. पाइप पुन्हा अरुंद होतो तिथून ढकलणारी लाट परत येते. ती बरोबर वेळेवर पोचली तर बाहेर निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते, आणि लगेच पिस्टन खिडकी बंद करतो. म्हणून टू-स्ट्रोकचा पाइप आधी फुगतो, मग निमुळता होतो. आरएक्सचा मूळ सायलेन्सर बाहेरून साधी लांब नळी दिसतो, पण आत हाच हिशेब सौम्यपणे बसवलेला असतो.

वेळ किती असतो, तेही मोजून पाहता येते. ७५०० फेऱ्यांवर एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्टची खिडकी साधारण अर्धा फेरा उघडी राहते असे धरले, तर हाती ४ मिलिसेकंद. गरम धुरात दाबाची लाट सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धावते, म्हणजे ४ मिलिसेकंदांत दोन मीटर. तिने जाऊन परत यायचे आहे आणि खिडकी बंद व्हायच्या थोडे आधी पोचायचे आहे. म्हणजे परतीचा शंकू खिडकीपासून ऐंशी-नव्वद सेंटिमीटरवर हवा. पाच-सात सेंटिमीटर इकडेतिकडे झाले की लाट पोचण्याची वेळ चुकते.

आता इंजिन ७५०० ऐवजी ४५०० वर फिरू लागले तर? खिडकी जास्त वेळ उघडी राहते, पण लाट तेवढ्याच वेळात परत येते. ती लवकर पोचते आणि चुकीच्या वेळी धक्का देते. झोका आपल्याकडे येत असतानाच ढकलला तर तो थांबतो, तसे. पाइप एका ठरावीक वेगापुरता जोर देतो, बाकी ठिकाणी तो उलट आड येतो. जितका टोकाचा पाइप, तितका हा पट्टा अरुंद. कंपनीने रोजच्या वापरासाठी हा पट्टा मुद्दाम रुंद ठेवलेला होता. जाळी काढून, सायलेन्सर कापून मोहन्याच्या मुलाने तो हिशेबच मोडला. वरच्या वेगाला आवाज वाढला आणि पुलाच्या चढावर, मधल्या वेगाला, आत ढकलणारा हात नाहीसा झाला.

हे गणित ज्याने तंत्र म्हणून उभे केले तो माणूस पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचा अभियंता वॉल्टर काडेन. १९५० च्या दशकात त्याच्या हाताखाली १२५ सीसीच्या छोट्या रेसिंग इंजिनांतून दम काढण्याची जी पद्धत घडली, तिने पुढे सगळे टू-स्ट्रोक जग बदलले. १९६१ मध्ये त्याचे १२५ सीसीचे इंजिन २५ अश्वशक्तीपर्यंत पोचले. म्हणजे लीटरमागे २०० अश्वशक्ती, आणि तेही टर्बोसारख्या कुठल्याही मदतीशिवाय. त्याच वर्षी स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीत दाखल झाला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, डेग्नरने सुझुकीवर ५० सीसीचे जगज्जेतेपद मिळवले. जपानी टू-स्ट्रोक गाड्यांची मोठी झेप त्यानंतरची. १९८४ मध्ये होसूरहून निघालेली इंड-सुझुकी, मग आरएक्स, मग १०८ सीसीत १४ अश्वशक्तीची सुझुकी शोगन, या आपल्या रस्त्यांवर धावलेल्या गाड्या त्याच ज्ञानाच्या नातवंडां-पतवंडांपैकी. काडेनचे नाव आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, याची खंत वाटते.

गॅरेजचा मेनू

‘पोर्टिंग करून देतो, हेड मारून देतो, मोठा कार्ब्युरेटर बसवतो’ हे मिस्त्रीचे शब्द कानाला गोड लागतात. प्रत्येकाचा अर्थ मात्र वेगळा आहे.

पोर्टिंग म्हणजे ब्लॉकमधल्या खिडक्या घासून मोठ्या किंवा उंच करणे. एक्झॉस्टची खिडकी वर सरकवली की ती लवकर उघडते आणि उशिरा बंद होते, त्यामुळे वरच्या वेगाला धूर काढायला जास्त वेळ मिळतो. पण कमी वेगाला स्फोटाचा जोर पिस्टनला पुरता मिळायच्या आतच बाहेर निघून जातो. घासलेले लोखंड परत भरता येत नाही. ब्लॉक एकदा बिघडला की गेला. आणि दोन्ही बाजूंच्या ट्रान्सफर खिडक्या अर्ध्या मिलिमीटरने जरी वरखाली झाल्या, तरी मिश्रण एका बाजूने जास्त येते आणि सिलिंडर नीट साफ होत नाही. हाताने फिरणाऱ्या ग्राइंडरवर, नजरेच्या अंदाजाने केलेले पोर्टिंग हा जुगार आहे.

हेड मारणे म्हणजे सिलिंडरचे झाकण लेथवर थोडे कापून आतली जागा कमी करणे, म्हणजे मिश्रण जास्त दाबले जाईल. आरएक्सचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर. झाकणाच्या खाली अर्धा मिलिमीटर जागा कमी केली तर जवळजवळ एक सीसी जागा जाते. स्फोटाची पोकळी दहा-बारा सीसीची धरली, तर हा फरक एक दशांशाच्या घरात जातो. कमी वेगाला दम वाढतो हे खरे, आणि हा बदल गॅरेजच्या मेनूत त्यातल्या त्यात प्रामाणिक. पण उष्णताही वाढते. मिश्रण आगीची लाट पोचण्याआधीच कोपऱ्यात आपोआप पेटू लागते. चढाला जोर लावताना इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, तो याचाच. असे चालत राहिले तर पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात.

मोठा कार्ब्युरेटर बागेच्या पाण्याच्या नळीसारखा समजावा. नळीचे तोंड बोटाने दाबले की पाणी जोरात उडते, मोकळे सोडले की पायापाशी पडते. कार्ब्युरेटरच्या गळ्यातून हवा वेगाने गेली तरच ती पेट्रोल नीट ओढून त्याची फवारणी करते. गळा मोठा केला की कमी वेगाला हवा मंदावते, पेट्रोल थेंबाथेंबाने येते आणि गाडी गुदमरते.

आणखी एक लोकप्रिय उद्योग म्हणजे आरएक्स-१०० वर १३५ चा ब्लॉक चढवणे. त्याचा बोअर ५८ मिलिमीटर, म्हणजे इंजिन १३२ सीसीचे होते. यांत्रिकदृष्ट्या हा सगळ्यांत समजण्याजोगा मार्ग, कारण तो दम जास्त फेऱ्यांतून न काढता मोठ्या आकारातून काढतो. पण कागदोपत्री गाडी शंभरचीच राहते, आणि त्याचे काय होते ते पुढे येईल.

दहा टक्के वेग, तेहतीस टक्के दम

समजा, हे सगळे नीट जमले. पोर्ट, पाइप, हेड आणि कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र, एकमेकांशी जुळवले आणि इंजिनाचा दम वीस टक्क्यांनी वाढला. तर गाडी वीस टक्के जास्त पळेल का?

नाही. वेग वाढला की हवेचा विरोध फार लवकर वाढतो. विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो तोडायला लागणारा दम घनाने. म्हणजे १०० चा वेग ११० करायला तेहतीस टक्के जास्त दम लागतो. उलट, दम वीस टक्के वाढवला तर १०० ची गाडी १०६ वर जाते, फार तर. या सहा किलोमीटरसाठी हजारो रुपये, ब्लॉक आणि इंजिनाचे आयुष्य पणाला लावले जाते. मोहने ते कल्याण हे अंतर सहा-सात किलोमीटर. त्यातला किती रस्ता शंभरने धावण्याजोगा आहे, हे रोज जाणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

फेरे वाढवून दम काढायचा तर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ७५०० ऐवजी ९५०० फेरे घेतले तर तो साठ टक्क्यांनी जास्त. क्रँकचे बेअरिंग त्यासाठी बनवलेले नसते.

पिस्टन चिकटतो तेव्हा

टू-स्ट्रोकवाल्याच्या पोटात गोळा आणणारा प्रसंग म्हणजे ‘इंजिन जाम’. गाडी जोरात चाललेली असते, आवाज अचानक जड होतो आणि मागचे चाक ओढल्यासारखे थांबते. क्लच दाबला नाही तर माणूस रस्त्यावर.

कारण साधे आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि तो ज्यावर घासतो ती सिलिंडरची आतली भिंत लोखंडी. तितक्याच उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगते. ५० मिलिमीटरचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर तो सुमारे ०.११ मिलिमीटर वाढतो, लोखंडी भिंत ०.०५ च्या आसपास. दोघांमध्ये मुळात ठेवलेली फट मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांची. पिस्टन भिंतीपेक्षा आधीच जास्त तापलेला असतो. त्यात आणखी उष्णतेची भर पडली की फट संपते.

आणि ही भर बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडल्याने पडते. नवा पाइप, उघडा एअर फिल्टर, मोठी खिडकी, यांनी इंजिनात हवा जास्त जाते, पण कार्ब्युरेटरचा जेट जुनाच असतो. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापते. टू-स्ट्रोकमध्ये वंगणही पेट्रोलसोबतच आत येते, म्हणून पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. आरएक्समध्ये ऑइल पंप वेगळा आहे, पण राजदूत, लुना यांसारख्या गाड्यांना टाकीतच तेल मिसळावे लागे. मुरबाडच्या पुढे माळशेज घाट उतरताना जुने चालक मधूनमधून ॲक्सिलरेटर फिरवत, तो उगाच नव्हे. उतारावर ॲक्सिलरेटर बंद आणि इंजिन वेगात फिरते आहे, म्हणजे पिस्टनला तेलच मिळत नाही.

मिश्रण बरोबर आहे का, हे सांगणारी सगळ्यांत स्वस्त वस्तू म्हणजे स्पार्क प्लग. गाडी जोरात चालवून एकदम बंद करावी, थंड होऊ द्यावी आणि प्लग काढून उजेडात धरावा. मधल्या चिनी मातीचा रंग चहा-कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक. काळा, ओला, तेलकट असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक, खडूसारखा कोरडा दिसला तर जेट मोठा केल्याशिवाय ती गाडी घाटात नेऊ नये.

उसाचे पेट्रोल

या हिशेबात अलीकडे एक नवी गोष्ट आली आहे. २०२५ पासून देशातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यातला काही वाटा उसाच्या मळीतून आणि रसातून येतो, म्हणजे आपल्याच साखरपट्ट्यातून. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे ते जाळायला हवा कमी लागते. जुन्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीएवढीच हवा घेतो, आणि मिश्रण पातळ होते. म्हणजे काहीही न बदललेली आरएक्सही आज तिच्या जन्माच्या वेळेपेक्षा पातळ मिश्रणावर चालते आहे. वरून पाइप उघडला तर ती कड्याच्या टोकावर गेली असे समजावे.

इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते. पावसाळ्यात चार महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचते, आणि टू-स्ट्रोकमध्ये तेच पेट्रोल क्रँकच्या बेअरिंगवरून जाते. जुने रबरी पाइप आणि वॉशर मऊ पडतात. मुख्य जेट एक-दोन नंबर मोठा करणे, नवे इथेनॉल सोसणारे रबर बसवणे, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामा करणे, ही आज खरोखर करण्याजोगी ‘अपग्रेड’ आहे. त्यासाठी मोठा खर्चही येत नाही.

चौकट : पैसे घालण्याआधी तपासावे

एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सर कार्बनने भरलेला आहे का.
रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्यांची टोके तुटली आहेत का, त्या पूर्ण बसतात का.
क्रँकचे ऑइल सील गळते का. पांढरा धूर खूप आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर क्लचच्या बाजूचे. इंजिन थांबताना फेरे आपोआप चढत असतील तर मॅग्नेटोच्या बाजूचे.
किक हाताने दाबल्यावर नीट विरोध जाणवतो का. नसेल तर पिस्टन-रिंग झिजल्या.
ब्रेक शू, केबल, टायर आणि हेडलाइट.

हरवलेला दम आधी शोधावा

तीस-पस्तीस वर्षे चाललेल्या गाडीत आज ११ अश्वशक्ती असतेच असे नाही, हे बहुतेक मालक विसरतात. त्यांना वाटते कंपनीचा दम कमी पडतो आहे. खरे तर तो वाटेत कुठेतरी गळून गेलेला असतो.

जुन्या आरएक्सचा सायलेन्सर मधून कापलेला पाहिला की हे पटते. आतल्या छिद्रांच्या नळीवर डांबरासारखा काळा थर, काही छिद्रे पूर्ण बुजलेली, तळाशी न जळलेले तेल साचलेले. लाट परत यायची ती या चिकट गाळावर आपटून मरते. गॅरेजात हा थर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने किंवा भट्टीत जाळून काढतात. कॉस्टिकने कातडी भाजते, डोळे जातात, म्हणून हे घरी करू नये. डिकार्बन केलेला मूळ सायलेन्सर, नव्या पाकळ्या, नवे सील, स्वच्छ कार्ब्युरेटर आणि बरोबर जेट, एवढ्यावर गाडी जितकी बदलते तितकी ती कुठल्याही महागड्या पाइपाने बदलत नाही.

तरीही चढाला पिकअप हवाच असेल, तर इंजिनाला हात न लावता स्प्रॉकेट बदलावे. पुढे १४ दातांचे असेल तिथे १३ दातांचे बसवले तर चाकावरची ओढ साडेसात टक्क्यांनी वाढते. वरचा वेग सात टक्क्यांनी उतरतो, तेवढाच. खर्च किरकोळ, आणि आवडले नाही तर अर्ध्या तासात परत जुने. घाटात राहणाऱ्याला, मागे माणूस बसवणाऱ्याला हा बदल शोभतो.

आणि ब्रेक. आरएक्सला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम आहेत आणि टायर अगदी बारीक. ६० वर धावणारी गाडी थांबवायला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्या पावणेदोनपट ८० वर लागते. ८० वर एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे जाते. रात्री अंधाऱ्या रस्त्यावर खड्डा किंवा म्हैस त्याहून जवळ दिसते. पॉवर वाढवायला पैसे काढणाऱ्या पोराने ते आधी टायर आणि ब्रेक शूवर घालावेत, हे त्याच्या घरच्यांनी हट्टाने सांगायला हवे.

राहता राहिले ते न जळता पळून जाणारे पेट्रोल. ते वाचवणारी सुधारणा म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, खिडकी बंद होत असताना फवारणे. फिलिपाइन्समधल्या विगान शहरात जुन्या टू-स्ट्रोक ट्रायसिकल टॅक्सींना असे संच बसवले गेले आणि त्यांचे पेट्रोल सुमारे तिसऱ्या हिश्श्याने वाचले. पुण्याच्या बजाजने २००७ च्या सुमारास असेच तंत्र टू-स्ट्रोक रिक्षात आणले होते. गल्लीतल्या गॅरेजात मात्र हे मिळत नाही.

आरटीओचा कागद

कल्याण आरटीओकडे, म्हणजे एमएच-०५ मध्ये, नोंदलेल्या गाडीच्या आरसी बुकात सीसी लिहिलेले असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की, कंपनीने ठरवून दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. त्यानुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. १३५ चा ब्लॉक या कलमात सरळ बसतो. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती हरकत घ्यायला आयते कारण मिळते, आणि ती वेळ कुणावर येऊ नये. कर्कश सायलेन्सर हा वेगळा गुन्हा. असे जप्त केलेले सायलेन्सर पोलिस रोडरोलरखाली चिरडतात, हे दृश्य राज्यातल्या बहुतेक शहरांनी पाहिले आहे.

ज्याला खरोखर इंजिन खोलून, पाइप मोजून, जेट बदलून जास्तीत जास्त दम काढायचा आहे, त्याच्यासाठी जागा आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर होणाऱ्या राष्ट्रीय ड्रॅग शर्यतींत टू-स्ट्रोक गाड्यांसाठी वेगळे वर्ग राहिले आहेत. तिथे गाडी काही सेकंद धावते, मग इंजिन पुन्हा खोलून तपासले जाते. त्या कामाला वेळ, पैसा आणि वेगळी गाडी लागते, आणि ती गाडी कामावर न्यायची नसते.

मोहन्याच्या आरएक्सचे इंजिन अखेर रिबोरला आलेच, तर ब्लॉक पाव मिलिमीटरच्या पायरीने मोठा करून नवा ओव्हरसाइज पिस्टन बसतो. चौथ्या रिबोरला बोअर ५१ मिलिमीटर होतो आणि इंजिन १०२ सीसीचे. नवा पिस्टन आणि भिंत एकमेकांना बसेपर्यंत पहिले पाचशे किलोमीटर गाडी हळू चालवावी. एकाच वेगाला सलग नाही, कधी चाळीस, कधी पन्नास, मध्ये थोडी मोकळी सोडून. कल्याण, टिटवाळा, परत मोहने, अशा चकरा त्यासाठी उत्तम. पाचशे पूर्ण झाले की प्लग काढून रंग बघावा, आणि तपकिरी दिसला तर एखाद्या रविवारी पहाटे मुरबाडच्या रस्त्याला लागावे.